विलोबी नदीवरची पाणघंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतली नव्हे, आणि मला कधी कुणी हौसेनं वाजवलेलं नाही. मी वाजले की माणसं हातातला घास टाकून पळत सुटायची. मित्रांनो, सत्तर वर्षांत माझ्या आवाजानं एकाच्याही चेहऱ्यावर हसू आलं नाही, तरी मला माझ्या कामाचा अभिमान होता. तो कसा गेला आणि कसा परत आला, ते तुम्हाला सांगते.

समुद्रकाठच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. मला घडवलं होतं एका मासेमारी बोटीसाठी; पण बोट बांधून होण्याआधीच तिचा मालक वारला, आणि मी विलोबी नदीवरच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात आले. नदीचं पाणी जाळीतून गाळून आधी एका टाकीत येई आणि तिथून पिलांच्या पाच हौदांत जाई. त्या टाकीत एक पत्र्याचा डबा तरंगत असे. पाणी उतरलं की डबा उतरायचा, त्याची तार ओढली जायची, आणि माझा लोळा मला बडवायचा. एवढंच माझं काम. पण हौदातल्या पिलांना वाहतं पाणी मिळालं नाही, तर वीस मिनिटांत सगळा खेळ खलास. म्हणून केंद्रातल्या माणसांची घरंही केंद्रातच होती, आणि माझा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर कुणीतरी एक जण कायम असलाच पाहिजे, असा तिथला नियम होता.

दर हिवाळ्याच्या तोंडाशी सॅमन मासे समुद्रातून आपल्या नदीत परतायचे आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शिडीवरून उड्या मारत केंद्रात चढायचे. इथे त्यांचं आयुष्य संपे. माद्यांची अंडी बादलीत काढायची, त्यांवर नराचं बीज सोडायचं, हातानं हलकेच ढवळायचं, आणि मग गार पाण्याच्या ट्रेमध्ये महिनोन् महिने जपायचं. मेलेले मासे पुन्हा नदीत सोडत, कारण तिथले किडे, अस्वलं, झाडं सगळी त्यांच्यावरच पोसलेली. अंड्यांतून निघालेली पिलं हौदात सव्वा वर्ष वाढवायची, बोटाएवढी झाली की वसंतात नदीत सोडायची, आणि पुढची दीड वर्षं वाट बघत बसायची. लाखातली थोडीच परतत. धीर नसलेल्या माणसाचं ते कामच नव्हे.

केंद्राचा प्रमुख होता लायल टॉर्गसन. अंगानं आडदांड, बोलण्यात कंजूष. दर शनिवारी तो माझ्या लोळ्याला तेल द्यायचा. नवीन माणूस आला की त्याला माझ्यासमोर उभा करून सांगायचा, "ही वाजली की जायचं. उगाच वाजली तरी जायचं. घरी येऊन शिव्या घाल, पण आधी जा."

आणि पाहुण्यांना केंद्र दाखवायच्या मिस ओपल. ओपल लिंडक्विस्ट हे त्यांचं नाव. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. खोऱ्यातलं अर्धं गाव त्यांच्या बसमधून शाळेत गेलेलं, लायलसुद्धा. नवरा गेल्यावर त्या इथे फुकट राबायला लागल्या. मुलांना काचेमागचे मासे दाखवायच्या, मूठमूठ खाद्य हौदात टाकू द्यायच्या, वहीत प्रत्येकाचं नाव लिहून घ्यायच्या. लहान केंद्रं बंद करायचं सरकारच्या मनात घोळत होतं. "लोक येतायत तोवर कुणाची टाप नाही कुलूप लावायची," असं त्या म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

मासे परतण्याच्या उत्सवाचा तो दिवस होता. पानगळ जोरात. भिजलेली पानं टाकीत येऊन त्या डब्याला चिकटत, त्याला खाली दाबत, आणि पाणी भरपूर असूनही मी ठणाणा करू लागे. सकाळपासून मी तीनदा उगाच वाजले. तीनदा लायल अंड्यांनी माखलेले हात घेऊन धावत आला, पानं काढली आणि परत अंड्यांच्या बादलीकडे गेला. चौथ्यांदा वाजले तेव्हा मिस ओपल चाळीस मुलांना घेऊन माझ्याशेजारीच उभ्या होत्या. एक मुलगा कानांवर हात ठेवून रडायलाच लागला. राजधानीतून केंद्र बघायला आलेला अधिकारीही थोड्याच वेळात हौदांकडे यायचा होता. मिस ओपलनी पानं झटकली. मग आपला हिरवा लोकरी हातमोजा काढला आणि माझ्या आणि लोळ्याच्या मध्ये कोंबला.

"थोडा वेळ गप्प बस गं बाई," त्या म्हणाल्या. "पोरं गेली की काढते."

ती पोरं गेली, दुसरी आली, आणि मोजा काढायचं त्या विसरल्या. विसरल्या एवढंच, वाईट मनात काही नव्हतं.

तासाभरानं नदीतून एक मोडकी फांदी वाहत आली आणि जाळीवर आडवी बसली. तिच्यावर पानांचा थर साचला. पाणी उतरलं. मित्रांनो, मी वाजले! जिवाच्या आकांतानं वाजले, पण लोकरीतून नुसतं ठप ठप ऐकू येई. पन्नास पावलांवर माणसं हसत होती, चावडर, म्हणजे माशांचं गरम दाट सूप, पीत होती.

हौदाजवळ एक छोटी मुलगी ओरडली, "मिस ओपल, बघा ना, मासे हसतायत! सगळे तोंड उघडून वर आलेत!"

मिस ओपलनी वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "लायल! अरे लायल, पाणी!"

लायल धावला, त्याची माणसं धावली. कंबरभर पाण्यात उतरून त्यांनी जाळी मोकळी केली. पण फार उशीर झाला होता. पाचातल्या चार हौदांतली पिलं, वसंतात समुद्राला निघणारी दोन लाख पिलं, पोटं वर करून तरंगत होती. मुलांना घाईघाईनं बसमध्ये चढवलं. सगळे हौदाशी असताना मिस ओपल माझ्याकडे आल्या, मोजा ओढून काढला आणि कोटाच्या खिशात घातला. पाणी तोवर चढलं होतं, त्यामुळे सुटूनही मला ओरडता आलं नाही.

चौकशी झाली. घंटा वाजली नाही, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. अहवालात लिहिलं गेलं की घंटा जुनाट होती आणि प्रमुखानं ती वेळेवर बदलली नाही. लायलचं पद गेलं. त्याला वरच्या अंगाच्या दुसऱ्या केंद्रात हौद घासायला पाठवलं. जाण्याआधी त्यानं स्वतःच पाना घेऊन मला उतरवलं. माझ्या लोळ्याला हिरव्या लोकरीचे दोनतीन धागे चिकटले होते. त्यानं ते बराच वेळ बघितले. मग फुंकर मारून उडवले. 

मला पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं आणि खाली पाटी लावली: 'जुनी धोक्याची घंटा. ऐनवेळी वाजली नाही.' मुलं येत, ती मोठ्यानं वाचत आणि "फुसकी घंटा!" म्हणून खिदळत. मिस ओपल हे दर खेपेला ऐकत आणि "चला, पुढे चला" म्हणत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी मनात म्हणायचे. मला त्यांचा राग येई. मग त्यांचा कोमेजलेला चेहरा दिसे आणि राग नीट धरताही येत नसे.

दोन वर्षं गेली. ती दोन लाख पिलं जगली असती, तर त्यांच्यातली वाचलेली त्या शरदात परतली असती. उत्सवाचा दिवस आला. माझ्या खोलीच्या खिडकीसमोरच मुलं शिडीच्या कठड्याला लोंबकळत होती. शिडीवरून पाणी धो धो पडत होतं, आणि त्यात दिवसभरात सात मासे चढले. फक्त सात. अंडी पुरणार नव्हती, म्हणून दुसऱ्या केंद्रातून उसनी आणली होती. ती बर्फाच्या पेट्यांतून घेऊन आला होता लायल.

एका मुलानं विचारलं, "मिस ओपल, बाकीचे मासे कुठे गेले?"

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. उत्तर सोपं होतं. समुद्र गरम झालाय, सील फार झालेत, काहीही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मी मारले, राजा. घंटा ओरडत होती आणि मी तिच्या तोंडात मोजा कोंबला होता. वर लायलला बोल लागू दिला." एवढं बोलून त्या रडू लागल्या. मुलांसमोर, मोठ्या माणसांसमोर, सगळ्यांसमोर.

लायलनं पेटी खाली ठेवली. "मला ठाऊक होतं, मिस ओपल."

"मग बोलला का नाहीस, मेल्या? दोन वर्षं!"

"तुमच्या बसमध्ये वाढलोय मी," तो म्हणाला. "तुम्ही बोलेपर्यंत माझ्यानं बोलवत नव्हतं." मग त्यानं पुन्हा पेटी उचलली. "चला, अंडी तापतील. ट्रे भरायचेत."

दोघांनी मिळून ट्रे भरले. लायलचं पद काही परत आलं नाही. सरकारी कागद सॅमनसारखा परतत नसतो. पण संध्याकाळी मिस ओपल पाहुण्यांच्या खोलीत आल्या, माझ्याखालची पाटी त्यांनी नखांनी खरवडून काढली, आणि मोठ्या गोल अक्षरांत नवी लावली: 'ही घंटा वाजत होती. तिचं तोंड मी बंद केलं. — ओपल लिंडक्विस्ट.' मुलं आता ती वाचतात आणि कुणी खिदळत नाही.

आता टाकीवर नवं यंत्र आहे. ते माणसांच्या खिशातल्या फोनवर ओरडतं. तेही पानगळीत उगाच ओरडतं, असं ऐकते. मित्रांनो, तुमच्या घरातही सारखं बजावणारं कुणीतरी असेलच. त्याचा कंटाळा येईल. येऊ द्या, कंटाळा येणं हा काही गुन्हा नाही. पण त्याचं तोंड बंद करण्याआधी एवढं करा: एकदा उठा, आणि पाणी बघून या.