बरणीची गाठ

दिलेला शब्द मोडणं कमळाबाईच्या रक्तातच नव्हतं. पण तारखा? तिथं आनंदच होता.

शेजारच्या रिवकाबाई पनवेलच्या जुन्या बेने इस्रायलांपैकी, म्हणजे मराठी ज्यूंपैकी. गेल्या पावसाळ्यात वारल्या, पण जाताना बजावून गेल्या, "आमच्या सणाच्या पौर्णिमेला माझं दार उघड. सणात आम्हाला आंबवलेलं वर्ज्य, तेव्हा आंबटाची बरणी झाकून बांध. त्या रात्री घरोघरी येणाऱ्या एलियाहू पैगंबरासाठी दाराशी खुर्ची नि मनुकांच्या शरबताचा पेला ठेव. विसरलीस तर मीच येऊन उघडीन."

पोरं सगळी इस्रायलला. किल्ली कमळाबाईच्या कमरेला.

आता सण ओळखायचा कसा? भिंतीवरच्या कॅलेंडरात तो नव्हता. पण मागली सहा-सात वर्षं तो गुड फ्रायडेच्या आगेमागेच यायचा, नि त्या दिवशी लेकीची बँक बंद असायची. झालं, एवढी खूण बाईला पुरे. २०२४ साली ती सुट्टी होळीच्या पौर्णिमेलगत आली. कमळाबाईनं होळीदिवशीच सगळं यथासांग केलं, आठ दिवसांनी बरणी सोडली, पेला पालथा घातला नि कुलूप लावलं.

हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी रिवकाबाईंच्या थोरल्याचा, सॅमसनचा, फोन आला.

"मावशी, दार उघडलंस ना?"

"महिना झाला की रं."

"अगं, सण आज लागतोय! यंदा आम्हाला तेरावा महिना आला, तुमच्या अधिक महिन्यासारखा. ईस्टर मार्चातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी होऊन गेला, आमचा सण पुढच्या पौर्णिमेवर गेला."

मेल्या माणसाला दिलेला शब्द, नि तोच चुकला.

कमळाबाई तशीच शेजारी धावली. चंद्र नुकताच वर येत होता. कुलूप होतं तसंच होतं, पण आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी दार आतून ओढू लागलं. कडी कुलपाला खडखड आपटत होती.

"बाय, रागावू नको," कमळाबाई कशीबशी म्हणाली. "चुकलं माजं. मी हाय."

खडखड थांबली. तिनं कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं. बरणीचं तोंड फडक्यानं बांधलेलं, गाठ उलटी, डावखुऱ्या रिवकाबाई मारायच्या तशी. पेला काठोकाठ भरलेला. दाराशी पैगंबराची खुर्ची, शेजारी आणखी एक, नि तिच्या पायाशी पाट. कमळाबाईला खुर्चीवर अवघडायला व्हायचं, म्हणून रिवकाबाई दर सणाला तो मांडायच्या.

रडत रडत ती पाटावर टेकली. शेजारची खुर्ची कुरकुरली. तिनं तिकडं पाहिलं नाही.