चार घरांत वाटलेली सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, माझ्यावर कात्री चालवून आमच्या मुख्याध्यापकांना, म्हणजे नरहर सरांना, काय मिळणार होतं ते आधी सांगते. संस्थेचं ज्युनिअर कॉलेज निघणार होतं आणि प्राचार्याची खुर्ची रिकामी होती. "काहीतरी नवं करून दाखवा," असा संस्थेचा निरोप होता. सरांनी नागपूरच्या एका शिबिरातून कल्पना उचलून आणली: मोठ्या शाळेची छोटी छोटी घरं करायची. खुर्ची त्यांची, कल्पना शिबिराची, अंग माझं.

माझा जन्म तुरुंगातल्या मागावर झाला. सूत याच भागातल्या कापसाचं, पट्टे निळे आणि लाल. घाटंजीकडच्या या हायस्कुलात मी आले तेव्हा सभागृहाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पुरायचे. पंधरा ऑगस्टला माझ्यावर पाहुणे बसले, आणि संस्थेच्या सचिवांच्या पुतणीच्या लग्नात वऱ्हाडही बसलं. वरणाचा डाग तेव्हाचा. "अशी सतरंजी तालुक्यात नाही," असं लोक म्हणायचे आणि माझ्यावरून चपला घालून चालायचे.

आता सरांची कल्पना. त्या बाबतीत मी त्यांना नावं ठेवणार नाही. दहावीचा वर्ग एवढा फुगला होता, की हजेरीला एकाने दुसऱ्याची 'हजर' ठोकली तरी पत्ता लागत नव्हता. मागच्या ओळीतलं पोर महिनाभर आलं नाही तरी कोणी विचारत नव्हतं. सरांनी वर्गाची चार घरं केली, जो ज्या रस्त्याने येतो त्याप्रमाणे. प्रत्येक घराला एक शिक्षक. त्याने आपल्याच पोरांना शिकवायचं, डबा त्यांच्यात बसून खायचा, आणि कोण आलं नाही, काहून आलं नाही, हे संध्याकाळपर्यंत शोधून काढायचं. बसायला चार सतरंज्या कुठून आणायच्या? शिपाई देवसिंगने मला अंगणात पसरलं आणि कापलं. माझा जीव नेमका बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणाऱ्या पोरांच्या तुकड्यात राहिला. त्यांच्या बाई म्हणजे कुंदाबाई, यवतमाळच्या वकिलाच्या लेक, खडू संपला तरी बोलणं न संपवणाऱ्या.

कापलेल्या कडेचे दोरे सुटू लागले आणि तेव्हापासून मला स्वस्थ पडवत नाही.

त्या घरात राखी होती. तिला काय हवं होतं तेही सांगते. तिला दहावीची परीक्षा द्यायची होती, आणि त्याच्या आड एक अट उभी होती. तिची आई जमनी म्हणाली होती, "तांड्यातले सगळे जातील तवरी जा. एकटीले त्या रस्त्यानं मी धाडणार नाही." म्हणजे राखीची दहावी बाकीच्यांच्या पायांवर चालत होती.

दिवाळी झाली आणि कापूस फुटला. त्या साली भाव असा पडला होता, की वेचायला मजूर लावणं तांड्यात कोणाला परवडत नव्हतं. घरचीच पोरं वावरात गेली. मोठ्या वर्गात ही गैरहजेरी खपून जायची. पण सरांनी रस्त्याप्रमाणे घरं केलेली! सगळा तांडा एका घरात, आणि सगळ्या तांड्याचा कापूस एकाच वेळी फुटलेला. एका सकाळी माझ्यावर फक्त राखी आणि शाम बसले होते. शामच्या घरी चांगलं वावर होतं, तो आला होता तो फक्त वेचायचा कंटाळा म्हणून, आणि त्याची सोबत होती म्हणूनच जमनीने राखीला त्या दिवशी धाडलं होतं.

सर दारात उभे राहिले. "कुंदाबाई, हे घर आहे की धर्मशाळा? संस्थेचे लोक संक्रांतीच्या आधी पाहायला येतील. तोवर भरलं नाही तर मोडून टाकू. पोरं इतर घरांत वाटून देऊ."

"सर, कापूस काय माझ्या सांगण्यावरून फुटतो?"

"ते मला माहीत नाही. मला चार घरं दाखवायची आहेत, साडेतीन नाही."

सर गेले. राखी माझा एक दोरा बोटाला गुंडाळत बसली. मग एकदम म्हणाली, "बाई, सावड करू न."

सावड म्हणजे काय ते कुंदाबाईंना शामनेच सांगितलं: आज सगळ्यांनी मिळून याच्या वावरात राबायचं, उद्या त्याच्या. कोणी कोणाला मजुरी द्यायची नाही, कामाची फेड कामाने. राखीचा बेत असा, की घरातल्या सगळ्या पोरांनी रविवारी आणि सुटीच्या दिवशी एकेकाचं वावर वेचून मोकळं करायचं आणि बाकीचे दिवस शाळेत यायचं.

"तुह्यं वावर कुठी आहे पण?" शाम हसला. "तुमी तं लोकाईचं वेचता."

"माही पाळी शेवटी ठेवा," राखी म्हणाली. "मग पाहू."

कुंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण घर वाचत होतं. त्यांनी राखीचं नाव शेवटी लिहून घेतलं.

रविवारी मलाही नेलं. दुपारी भाकरीच्या वेळी बाई बांधावर मला पसरून बीजगणित घ्यायच्या. माझ्या विणीत खराब कापसाच्या कवड्या, बोंडांची टरफलं, मुंग्या. असं राबणं मी जन्मात पाहिलं नव्हतं! ज्याचं वावर आधी फुटलं त्याची पाळी आधी. हे कोणी ठरवावं लागलं नाही, तिथल्या पोरांना ते चालण्याइतकं सहज येतं. शामचं झालं, तांड्यावरच्या लालीबाईच्या नातवाचं झालं, पुढे पुढे सगळ्यांचं होत गेलं. सोमवारी घर भरलेलं असायचं.

फक्त जमनी कुरकुरत होती. एकदा ती बांधावर आली. "रईवारची मजुरी सोडून लोकाईच्या वावरात फुकट काहून राबून राह्यली तू?"

"फुकट नाही याडी, सावड आहे. माही पाळी येईन," राखी म्हणाली. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात.

"येईन तवा पऱ्हाटीवर काय राह्यन, ते त माहीत आहे न तुले?"

राखीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी ऐकलं: पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, आणि शेवटच्या पाळीला त्यावर काय उरतं ते मलाही कळत होतं. सतरंजीला तोंड नसतं मित्रांनो, नाहीतर त्याच दिवशी बाईंना म्हटलं असतं, की मधली एक पाळी हिला द्या.

संस्थेचे लोक आले. तांड्याच्या घरात एकही जागा रिकामी नव्हती. सचिव माझ्यावर मांडी घालून बसले, राखीला गणित विचारलं, तिने तोंडी सोडवलं. "हे घर म्हणजे आदर्श!" ते म्हणाले. नरहर सरांनी मान अशी झुकवली, जणू सावड त्यांनीच शोधली.

संक्रांतीनंतर राखीची पाळी आली. पोरं दिलदार होती, कोणी टाळलं नाही. ठरलं असं, की जमनी ज्या मोठ्या मालकाकडे मजुरीने वेचते त्याच्या वावरात सगळ्यांनी वेचायचं आणि सगळा कापूस तिच्या नावावर मोजायचा, म्हणजे मजुरी तिला. पोरं गाणी म्हणत गेली. वावरात पाहतात तर मालकाची माणसं पऱ्हाटी उपटत होती. उरल्यासुरल्या झाडांना काळवंडलेली बोंडं. सगळ्या घराने दुपारपर्यंत वेचलं ते जमनीच्या एका ओटीत मावलं.

"राखे, पुढच्या साली तुह्या पाळीले पह्यला नंबर," शाम म्हणाला.

"पुढच्या साली तू कॉलेजात राह्यशीन, येड्या," राखी म्हणाली.

राखीची हंगामभरच्या रविवारांची मजुरी बुडाली होती, त्यामुळे जमनीच्या घरी उन्हाळ्याची बेगमी झाली नव्हती. ती वणीकडच्या वीटभट्टीवर निघाली. धाकट्यांना सांभाळायला राखीला नेलं. कुंदाबाई तांड्यावर धावल्या, "राखीला माझ्या घरी ठेवते," म्हणाल्या.

"पोरगी तुमच्याजवळ ठेवीन बाई," जमनी म्हणाली, "मंग धाकट्या तिघाईले विटाईच्या ढिगावर कोण पाहीन?"

बाई एकट्याच परतल्या. परीक्षेच्या दिवशी त्या फाटकाशी उभ्या राहिल्या, घंटा झाली तरी.

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे. नव्या बाकांवर पोरं बसतात आणि माझ्यावर उंदीर. मला झटका, ऊन दाखवा, एवढं मागायचा माझा हक्क आहे. पण त्याहून मोठं मागणं हे: तुम्ही गट कराल, घरं कराल, एकमेकांना हात द्याल, तेव्हा 'माझं शेवटी ठेवा' म्हणणाऱ्याचं सगळ्यात आधी करा.

हिशेब असा झाला. नरहर सरांना खुर्ची मिळाली. कुंदाबाईंना शाल मिळाली, ती त्यांनी घडी मोडून वापरली नाही. शाम आणि घरातले बाकीचे सगळे दहावी झाले. मी माझी लांबी दिली. आणि या सगळ्याचं मोल राखीने भरलं.