मोटार बंद आहे
हिंमतरावांच्या उजव्या हाताची दोन बोटं दवाखान्यात काढली, तेव्हापासून जळगाव जामोदजवळच्या त्या गावात एकच बोलणं चाललं होतं: वायरमन रंगरावनं घात केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. आणि इथं चोर तर बापाच्या उशाशी बसून त्याला वरणभात भरवत होता.

कोकिळा ही हिंमतरावांची एकुलती लेक. पुण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. विहिरीची मोटार चालवणारं यंत्र तिच्या कंपनीनं काढलं, आणि पहिल्या खेपेतलं एक तिनं मोठ्या हौसेनं बापाच्या मळ्यात बसवलं. मोटारीच्या वायरींचा जोड रंगरावनं दिला. वीज आली की ते आपोआप मोटारीला प्रवाह सोडायचं, आणि फोनवर विचारलं की चालू की बंद ते सांगायचं.

त्या दिवशी सकाळी वीज आली, पण संत्र्याला पाणी येईना. हिंमतरावांनी फोनवर विचारलं. उत्तर आलं, "मोटार बंद आहे." घुशीनं कुरतडलेली वायर त्यांनी निर्धास्त हातात घेतली. वायरीत प्रवाह होता.

कारण कोकिळेला दुसऱ्याच दिवशी कळलं. यंत्रात दोन प्रोसेसर होते, एक मोटार सांभाळणारा आणि एक फोनला उत्तर देणारा. दोघांची मेमरी एकच, पण दरवेळी तिथवर जायला नको म्हणून प्रत्येकाजवळ कॅश, म्हणजे त्या माहितीची हाताशी ठेवलेली नक्कल. मेमरीत काही बदललं की जुनी नक्कल टाकून दे, हे सांगणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लागते. ती ओळ कोकिळा विसरली होती. पहिल्यानं "चालू" लिहिलं, दुसरा जुनं "बंद" वाचत बसला.

विसरणं माणसाला माफ असतं हो. पण तिनं चाचणी केली होती ती संगणकातल्या व्हर्च्युअल मशीनवर, यंत्राच्या सोंगावर. त्या सोंगाला कॅशच नव्हती. दोन्ही प्रोसेसर थेट एकाच जागी वाचायचे, मग चूक दिसणार कशी? यंत्राचा खरा सर्किट बोर्ड दुसऱ्या कोणाच्या टेबलावर अडकला होता, सुटीची बस सुटत होती, आणि तपासणीच्या यादीत "खऱ्या यंत्रावर तपासलं" या वाक्यापुढं तिनं बरोबरची खूण करून टाकली. तिनं वरणभाताची ताटली खाली ठेवली.

"बाबा, रंगरावकाकाचं काहीच चुकलं नाही," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

हिंमतराव बँडेजकडे पाहत म्हणाले, "रंगराव मले म्हणे, हात लावायच्या आधी टेस्टर लावत जा. म्या म्हटलं, माह्या पोरीची मशीन खोटी नाही बोलत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे कोणाले सांगू नको, माय. आळ त्याच्यावर गेलाच आहे. तुह्यी नोकरी जाईन."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बापाच्या मायेची तिला लाज वाटली, आणि क्षणभर ती माया हवीशीही वाटली, याची त्याहून जास्त.

संध्याकाळी पारावर बैठक होती. रंगरावला यापुढं गावात कोणी काम द्यायचं नाही, हे ठरायचं होतं. रंगराव कडेला उभा होता. आपण जोड नीट दिला होता, हे दहादा सांगून त्याचा घसा बसला होता.

कोकिळा पुढं आली. "मशीन म्या बनवली. न तपासता तपासली म्हणून लिहिलं. बाबाचा हात माह्यानं गेला."

"पोरगी दुःखानं बोलून राह्यली," हिंमतराव घाईनं उठले. "जोड रंगरावचाच होता. घरी चाल, कोकिळा." आणि तो बांधलेला हात त्यांनी तिच्यापुढं धरला.

रंगरावनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

तिनं बापाचा हात धरला नाही. "बाबा खोटं बोलून राह्यले," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.