रिकामा अडॅप्टर

अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी घरात त्याला धाकटाच म्हणायचे. म्हणणारी आता एकटी ताईच उरली होती, पण ती चार माणसांच्या वाटचं म्हणायची.

धाकट्याचा तळमजल्यावर एका खोलीचा फोटो स्टुडिओ होता. भिंतीवर पांढरा पडदा, पुढ्यात स्टूल, समोर स्टँडवर कॅमेरा आणि कॅमेऱ्यातून निघून टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेली लांब केबल. ओळखपत्रांचे फोटो काढायचे, छापायचे, कापून द्यायचे. "हनुवटी थोडी वर. हलू नका. पापणी लववू नका." दिवसभर तो एवढंच बोलायचा आणि घरी गेल्यावर तेवढंही नाही.

ताई वरच्या मजल्यावर राहायची. चाळीस वर्षं तिनं गल्लीचे कपडे शिवले. गेली दोन वर्षं तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग बसला होता, पाण्यात शाई सांडावी तसा. कडेकडेचं दिसे, मधलं नाही. माणूस समोर आला की खांदे दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. "मला खांद्यांचंच काम," असं म्हणून ती हसायची. समोरच्याला मात्र हसावं की नाही ते कळत नसे.

एकच गोष्ट तिला जमायची. धाकट्याच्या कॉम्प्युटरवर फोटो दहापट मोठा केला आणि काचेला नाक टेकवलं, की तुकड्यातुकड्यानं चेहरा उलगडायचा. आधी एक भुवई, मग नाकाची बाजू, मग ओठ. कापड बेतावं तसं ती मनात जोडत जायची.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. आज संध्याकाळी सातला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: डाग वाढायचा थांबला तर थांबेल, नाहीतर आहे ती नजरही जाईल.

"तर मला आजच सगळं बघून घ्यायचंय," ताई सकाळी म्हणाली. "तू जा आणि फोटो काढून आण. बटणवाल्याचा काढ. तीस वर्षं भांडले त्याच्याशी, म्हातारा झाल्यावर कसा दिसतो बघू दे. औषधांच्या दुकानातली ती बाई मी शिवलेला निळा कोट घालते, तो काढ. जिन्याच्या वळणावर अकराला ऊन येतं, ते. आणि खालचं बाळ. रोज मांडीवर घेते रे मी त्याला, पण तोंड पाहिलेलं नाही."

"बरं," धाकटा म्हणाला.

आता थोडं त्या कॅमेऱ्याचं सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला. स्टुडिओत फोटो केबलमधून थेट कॉम्प्युटरमध्ये जायचे, कार्ड लागायचंच नाही. कार्ड नसलं तरी बटण चालावं, अशी सोय त्यानं कॅमेऱ्यात फार पूर्वीच करून ठेवली होती. कार्डाच्या खाचेत धूळ जाऊ नये म्हणून तिथे एक रिकामा अडॅप्टर खुपसलेला असायचा. बोटाच्या नखाएवढं बारकं कार्ड ज्यात सरकवतात आणि मोठ्या कार्डाच्या जागी बसवतात, ती काळी चपटी डबी म्हणजे अडॅप्टर. तसाच दुसरा एक त्यानं आदल्या दिवशी बारकं कार्ड घालून तयार ठेवला होता. सकाळी त्यानं रिकामा काढून टेबलावर ठेवला, भरलेल्याच्या शेजारी. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याची हनुवटी वर करून झाल्यावर धाकट्यानं टेबलावरचा अडॅप्टर उचलला, खाचेत दाबला, केबल काढली आणि तो निघाला.

दोन्ही काळे आणि दोन्हींवर लेबल एकच. बडा घर पोकळ वासा, पण वासा पोकळ आहे हे बाहेरून कळावं कसं?

तो दिवस मात्र विलक्षण होता. इतकी वर्षं पांढऱ्या पडद्यापुढे काढलेला माणूस उन्हात आला आणि हरखून गेला. जिन्याच्या वळणावर ऊन तीन पायऱ्या उतरून थांबलं होतं. त्यात धुळीचे कण इतक्या सावकाश तरंगत होते, की त्यालाही सावकाश श्वास घ्यावासा वाटला. त्यानं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते ऊन दोन क्षण उमटलं आणि विरून गेलं. विरण्याचं त्याला काही वाटलं नाही, स्टुडिओतही चित्र असंच येऊन जायचं. कोपऱ्यात एक बारीक लाल खूण लुकलुकत होती, पण चष्मा त्यानं कपाळावर चढवला होता आणि उन्हात डोळे दिपले होते.

बटणवाला मोजपट्टी गळ्यात घालून ऐटीत उभा राहिला. "तिला सांग, मी अजून देखणा आहे," म्हणाला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. औषधांच्या दुकानातली बाई कोट घालून गोल फिरली. बाळानं कॅमेऱ्याकडे बघत जांभई दिली, अख्खं तोंड उघडून. दोन क्षण ती जांभई धाकट्याच्या तळहातावर राहिली. लगेच बाळाची आई त्याला घेऊन आजोळी जायला निघाली, आठवड्याभरासाठी. धाकटा पुलापर्यंत चालत गेला. पाणी, पाण्यावरची पाखरं, बाकावर झोपलेला पोस्टमन, यादीत नसलेलंही त्यानं सगळं काढलं. आपण स्वप्नात चाललोय आणि स्वप्न पिशवीत भरून घरी नेतोय, असं त्याला वाटत होतं. तो फार आनंदात होता.

साडेपाचला परतला तेव्हा ताई केस विंचरून स्टुडिओत बसली होती. खुर्ची कॉम्प्युटरच्या पडद्याला अगदी चिकटवून.

"आणलंस?"

"आणलं."

त्यानं अडॅप्टर काढून कॉम्प्युटरला लावला. काही उघडेना. परत लावला, फुंकर मारून लावला. मग उलटा करून कडेला नख लावलं तर नख सरळ आत गेलं. खाच रिकामी होती. भरलेला अडॅप्टर समोरच पडला होता, टेबलावर, कात्रीच्या बाजूला.

धाकट्यानं घड्याळाकडे पाहिलं. सातला दवाखाना गाठायचा होता, बाळ गावाला गेलं होतं, जिन्यातलं ऊन तर कधीच गेलं होतं. तो टेबलाला टेकला.

"ताई," तो म्हणाला, "कार्ड इथेच राहिलं. एकही फोटो आला नाही."

ताई मांडीवर पदराची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं दाबलंही नाही. मग नाक पुसून म्हणाली, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. कार्डाशिवाय बटण चालायची सोय कोणी केली होती?"

"मीच."

"म्हणजे कार्ड नसलं तरी तो कॅमेरा बघतो?"

"बघतो. ठेवत नाही फक्त."

"मग मला तरी कुठे ठेवायचंय?" ताई म्हणाली. "जोड ती केबल. आणि तू त्या स्टुलावर बस."

धाकटा गांगरला. स्टुडिओ काढल्यापासूनच्या बत्तीस वर्षांत तो त्या स्टुलावर एकदाही बसला नव्हता. तो कायम कॅमेऱ्याच्या मागे. ताईच्या यादीत तो नव्हता आणि आपण असायला हवं होतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं केबल जोडली, कॅमेऱ्याला दिसणारं चित्र कॉम्प्युटरवर दहापट मोठं केलं, दिवे लावले आणि शाळेतल्या मुलासारखा जाऊन बसला.

ताईनं काचेला नाक टेकवलं. बोट पडद्यावरून सावकाश फिरू लागलं, शिवण तपासताना फिरायचं तसं.

"भुवया पांढऱ्या झाल्या की रे. कधी झाल्या?"

"झाल्या."

"हनुवटी बाबांची आलीय. आणि हे काय, डोळ्याखाली? झोपत नाहीस?" बोट थांबलं. "धाकट्या, तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलायस."

"हो," तो म्हणाला. एवढं खरं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

बाहेर टॅक्सी येऊन उभी राहिली, हॉर्न वाजला. धाकटा चुळबुळला. "ताई, केबल आहे आता. बटण दाबलं तर फोटो राहील. काढू?"

"नको. उठलास तर चेहरा जाईल. राहिलेला फोटो उद्या मी कशानं बघू? आत्ता बघू दे."

त्याचे डोळे वाहायला लागले, तेही दहापट मोठे.

"रड हवं तर," ताई काचेवरचं बोट न काढता म्हणाली. "पण हलू नकोस."

तो हलला नाही.