संताच्या आडचा ओरखडा

माझ्या नवऱ्याला, एवारिस्तोला, सत्त्याहत्तरावं लागलं आणि आमच्या मुलीनं, बेगोन्यानं, त्याची गाडी काढून घ्यायचा ध्यास घेतला. "बाबा, डोळे गेलेत तुझे," ती म्हणायची. "माझे डोळे शाबूत आहेत, तुझी जीभ लांब झालीये," तो म्हणायचा. महिनाभर हेच चाललं. शेवटी ऐन जुलैत त्यानं पैज लावली. कासिल्दाला, म्हणजे मला, घेऊन तो आठवडाभर आमच्या वेल्वाच्या उत्तरेकडच्या जुन्या गावांतून गाडी फिरवून आणणार. गाडीवर एक जरी ओरखडा आला, तर किल्ल्या बेगोन्याच्या. ती तशीच खाली उतरली आणि तिनं गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले. आपलीच पोर, पण पोलिसात जायला हवी होती.

मला कोणी विचारलं का? विचारलं असतं तर सांगितलं असतं, की जुलैत त्या बाजूची शहाणी माणसं पडदे ओढून झोपतात. तरी गेले. गाडी गेली असती तर एवारिस्तो घरात बसला असता, आणि घरात बसलेला एवारिस्तो मी एकदा पाहिलाय. बंदरावरची नोकरी संपली त्या वर्षी त्यानं माझे मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमानं लावले होते. आठ दिवस मला मीठ सापडत नव्हतं. पण स्टिअरिंगमागे बसला की तो शीळ घालतो. पन्नास वर्षांपूर्वी मला नाचायला न्यायला यायचा तेव्हा घालायचा, तीच. ती शीळ मला हवी होती, दुसरं काही नाही.

आणि खरं सांगायचं तर चालवली त्यानं झकास. गल्ल्या अशा, की समोरासमोरच्या बायका खिडकीतून एकमेकींना कांदा देतील. हा आरसे मिटवायचा, श्वास धरायचा, आणि कुठे न टेकता पलीकडे. सफ्रा नावाच्या गावात त्यानं एका कमानीच्या दगडी खांबाला खेटून गाडी लावली आणि पाणी आणायला गेला. जाताना म्हणाला, "उतरू नकोस, आलोच."

चाळीस अंशांत कोणी मला बसून राहा म्हटलं, तर मी बसेन? दार ढकललं. जो आवाज आला तो अजून माझ्या दाढेत आहे. दाराच्या कडेला चार बोटं रंग खरवडून निघाला होता.

आता बोलायला हवं होतं. पण म्हटलं, बेगोन्याला ओरखडा दिसणार, हात कोणाचा ते थोडंच दिसणार आहे? मूग गिळून बसले. गाडी पांढरी, म्हणून वर टूथपेस्ट लावली. रोज संध्याकाळी तो गाडीभोवती फेरी मारायला उठला की मीच म्हणायची, "तू बस रे, दमलास, मी बघते." "प्रेम उतू चाललंय," तो म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, मी दोन दिवस त्याच्या आवडीचं सगळं खाऊ दिलं, डॉक्टरांनी बंद केलेलं सॉसेजसुद्धा. टूथपेस्ट मात्र उन्हानं वाळून तिसऱ्या दिवशी गळून पडली.

त्याच दिवशी आम्ही त्रुहियोला पोचलो. वेशीपाशी गाड्यांची रांग. आमच्याकडे रांग दिसली की माणूस "शेवटचं कोण?" एवढंच विचारतो आणि उभा राहतो. रांग कसली, ते मग यथावकाश कळतं. एवारिस्तोनं काच खाली केली. "शेवटचं कोण?" पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला. झालं, आमचा नंबर लागला.

"चौकात पार्किंगची रांग असणार," हा म्हणाला. अर्ध्या तासात आम्ही शंभर पावलं सरकलो. वैतागून त्यानं हॉर्न दाबला. पुढच्या ट्रॅक्टरनं आनंदानं उत्तर दिलं. मागच्या ट्रकनं दिलं. बघता बघता सगळं गाव हॉर्न वाजवायला लागलं. हा जितका चिडून दाबायचा, तितके लोक बाल्कन्यांतून टाळ्या वाजवायचे. एका म्हातारीनं आमच्या टपावर फुलं टाकली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "एवारिस्तो, आज दहा तारीख. गाडीवाल्यांच्या संत क्रिस्तोबालचा दिवस. ही गाड्यांना आशीर्वाद द्यायची मिरवणूक आहे."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हा माणूस पोरीच्या लग्नातसुद्धा चर्चमध्ये शिरला नव्हता, समोरच्या बारमध्ये बसून होता. "मला बाहेर काढ," तो म्हणाला. जणू गाडी मीच चालवत होते. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रक, दोन्हीकडे भिंती. चौकात पाद्रीबाबांनी केरसुणीएवढा कुंचला तीर्थाच्या बादलीत बुचकळला आणि उघड्या काचेतून त्याच्या चष्म्यावरच शिंपडला. एवारिस्तोनं ठिबकता चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "निदान गार आहे."

समितीच्या बाई स्टिकर वाटत होत्या, बशीएवढा संत, खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा. "कुठं लावू?" त्यांनी विचारलं. "द्या इकडे," म्हणत मी उतरले आणि संताला बरोबर माझ्या पापावर उभं केलं. मनात म्हटलं, बाबा रे, एवढं बाळ उचलतोस, ही चार बोटं तुला जड नाहीत.

परत वेल्वाला आलो, तर बेगोन्या फाटकाशी मोबाइल घेऊन हजर. फोटो बघत, एकेक बाजू पडताळत ती माझ्या दाराशी आली.

"हा कोण?"

"संत क्रिस्तोबाल," मी म्हटलं.

"बाबाच्या गाडीवर?"

"राहू दे ना," एवारिस्तो म्हणाला. "त्यांनी गार पाणी मारलं, बरं वाटलं."

तिथंच घात झाला. बापाला संताचा पुळका आला म्हटल्यावर पोरीनं कोपऱ्याखाली नख घातलं. संत सोलला गेला.

एवारिस्तो वाकला. त्यानं त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "मला कळलंच नाही," तो म्हणाला. "चार बोटं घासली, आणि मला आवाजसुद्धा आला नाही." मग खिशातून किल्ल्या काढून त्यानं मुकाट बेगोन्याच्या हातावर ठेवल्या. एका मिनिटात तो माझ्या डोळ्यांसमोर म्हातारा झाला, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की काय सांगू.

"मी केला तो," मी म्हटलं. "सफ्रात. दार खांबावर आपटलं."

"आई, पुरे," बेगोन्या म्हणाली. "जन्मभर सांभाळून घेतलंस त्याला. आता खोटं नको बोलूस."

"राहू दे, कासिल्दा," एवारिस्तो म्हणाला, आणि इतक्या मायेनं म्हणाला, की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आयुष्यात क्वचित खरं बोलते, तेही कोणाला पटू नये?

गाडी माझ्या बाजूनं फाटकाच्या दगडी खांबापासून हातभरावर उभी होती. मी एवारिस्तोच्या बाजूनं आत शिरले, एकाहत्तराव्या वर्षी गिअरवरून गुडघे काढत माझ्या जागेवर बसले, आणि सफ्रात ढकललं होतं तसंच, तेवढ्याच जोरानं, दार ढकललं.

तोच आवाज. पहिल्या ओरखड्याला लागून दुसरा, सख्ख्या भावासारखा, चार बोटं.

बेगोन्यानं आ वासला. एवारिस्तो आधी दाराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि त्याच्या मानेवरची शीर ताठ उभी राहिली. मग त्याचं तोंड सुटलं. बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, दार उघडायची ही रीत झाली, आठ दिवस मला बनवत होतीस, टूथपेस्टचा वास मला येत नव्हता वाटतं? सगळी गल्ली बाल्कनीत आली. मी मान खाली घालून ऐकत राहिले. इतकी सुखाची बोलणी मी कधी खाल्ली नव्हती.

ओरडता ओरडता त्यानं बेगोन्याच्या हातातून किल्ल्या कधी काढून घेतल्या, ते तिलाही कळलं नाही.