दंडातला मणी

बंद पडलेल्या कापड गोदामाच्या वरचा हॉल दर रविवारी दुपारी गच्च भरायचा. पडदे ओढलेले, दिवे मालवलेले. माणसं मांडीला मांडी लावून बसलेली आणि समोर उंच खुर्चीवर फुंकरबाबा. बाबांच्या हातात मनगटाएवढा जाड पांढरा दंड असायचा. तो हलवला की आत टक-टक वाजायचं आणि हॉल चिडीचूप व्हायचा.

"ऐकलंत? सात पिढ्यांचा मणी आहे हा! तो जागा झाला की श्वास खाली उतरतो!"

आणि उतरायचा की! बाबांचे ओठही हलायचे नाहीत, पण समोरच्याच्या तोंडावर थंडगार, सुगंधी फुंकर यायची. "छाती मोकळी झाली हो!" म्हणत माणसं रडायची.

मी मागच्या रांगेत त्या टकटकीला कान लावून बसायचो. मी गॅरेजात गाड्या रंगवतो. तो आवाज गेली एकोणीस वर्षं दिवसातून पन्नासदा ऐकतोय, पण माझ्या रंगाच्या डब्यात कुणाच्या सात पिढ्या राहत नाहीत.

मी यायचो ताईसाठी. तिला लहानपणापासून दमा. तिच्याकडे दोन पंप होते, एक रोजचा आणि एक अचानक दम लागला तर घ्यायचा. गडबडीत घोटाळा नको म्हणून दुसऱ्यावर मीच लाल रंगाचा ठिपका मारून दिला होता. आता ते दोन्ही पंप बाबांच्या पायाशी ठेवलेल्या पितळी घंगाळात पडले होते, इतरांच्या पन्नास-साठ पंपांबरोबर.

"पंप म्हणजे श्वासाला घातलेली बेडी!" हे बाबांचं ठरलेलं पालुपद. "बेडी टाका, श्वास आपोआप चालायला लागेल!"

बेडी टाकल्यापासून ताई तीन आठवडे बसून झोपत होती. एक वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागायचं. मी भाऊजींकडे विषय काढला तर ते उखडलेच. "तुम्ही रंगारी आहात, डॉक्टर नाही. फुंकर मिळाली की तिला बरं वाटतं, मी डोळ्यांनी बघतोय." बहिणीच्या घरात भांडण नको म्हणून मी गप्प बसलो.

मागच्या रविवारी सगळं आटोपल्यावर बाबांनी दंड उलटा धरला. फुस्स! "दिवसभराची पीडा सोडून दिली," ते म्हणाले. लोकांनी माना लववल्या, मी मात्र ताठ झालो. काम संपलं की आम्ही स्प्रेचा डबा उलटा धरून दाबतो. मग नुसता गॅस बाहेर येतो आणि तोंडाशी रंग वाळून भोक बुजत नाही. ही सवय सहजासहजी हाताला लागत नाही. हा गडी आमच्याच धंद्यातला होता!

आज ताईचा नंबर आला. टक-टक. फुंकर. ताईनं डोळे मिटून श्वास ओढला आणि तो अर्ध्यावरच अडकला. ती खोकायला लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, ओठांचा रंग उतरला.

"पीडा निघतेय! कुणी शिवू नका तिला!" बाबा गरजले.

भाऊजी अर्धवट उठून तसेच थिजले. मी घंगाळात हात घातला, पण अंधारात सगळे पंप सारखेच. शेवटी खिडकीशी धावलो आणि पडदा फर्रकन ओढला. तिरपं ऊन आत आलं. लाल ठिपका दिसला. पंप हलवला, ताईच्या तोंडाला लावला. एकदा, थोडं थांबून पुन्हा एकदा. भाऊजी डॉक्टरांना फोन लावत होते. हळूहळू शिट्टी मंदावली.

"अगं बाई, हे धुकं कसलं?" पुढच्या रांगेतल्या शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या.

उन्हाच्या पट्ट्यात बारीक धुकं तरंगत होतं, आणि त्याची शेपटी थेट दंडाच्या टोकाला पोचत होती. मी दंड ओढून घेतला. बाबांचा चेला अंगावर आला, तेवढ्यात भाऊजी मध्ये उभे राहिले. "हात तर लावून बघ त्यांना!"

दंडाचं टोपण फिरवलं. आतून निघाला स्प्रेचा डबा. रंगाच्या दुकानात असे नुसता गॅस भरलेले डबे मिळतात, हवा तो रंग भरून घ्यायचा. रंग तळाशी बसू नये म्हणून आत गोळी असते. तोच सात पिढ्यांचा मणी! वासावरूनच कळत होतं, बाबांनी रंगाऐवजी अत्तर आणि पुदिन्याचा अर्क भरला होता. अत्तराला गोळी लागत नाही, पण डबा बदलायचं यांना सुचलं नाही.

"मग मला मोकळं कसं वाटायचं?" मावशींनी विचारलं.

"गॅस बाहेर पडताना गार होतो, पुदिना नाकाला गार लागतो. वाटतं, छाती उघडली. उघडत काही नाही. उलट उग्र वासानं दमा उसळतो."

कामाच्या पहिल्याच दिवशी आमच्या मिस्त्रींनी मला एक शब्द शिकवला होता, एरोसॉल. हवेत तरंगणारे द्रवाचे, धुळीचे नाहीतर काजळीचे अगदी बारीक कण. धुकं तेच, धूर तेच. डासांचा फवारा, अंगाला मारायचा सुगंधी स्प्रे, माझा रंग, ताईचा पंप, सगळे हीच करामत करतात. प्रश्न एवढाच, त्या कणांत आहे काय? पंपावर औषधाचं नाव आणि प्रमाण छापलेलं असतं. बाबांच्या डब्यावरचं लेबल खरवडून काढलेलं होतं. आत काय आहे हे जो वाचू देत नाही, त्याच्यापुढे तोंड उघडू नका. चमत्कार दिसला की आधी पडदा उघडा.

लोक घंगाळाभोवती जमून आपापले पंप शोधू लागले. मी ताईशेजारी बसलो, थोडा फुशारलोच होतो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा एक अख्खं वाक्य न थांबता बोलली.

"तुला आवाज पहिल्याच दिवशी कळला असणार ना, मग इतके दिवस गप्प का बसलास?"