पुढच्या चाकांचा दाखला

रूपसिंग बारा वर्षांपासून जीप चालवत होता. काळ्या मातीतून गाडी कशी काढायची, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं छापून आलं तेव्हा त्याला राग यायलाही थोडा वेळ लागला.

दोन हजार सतराचा सप्टेंबर होता. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, अळीच्या धाकानं जिकडेतिकडे फवारणी चालली होती आणि फवारणारी माणसं विषबाधेनं वावरातच पडत होती. रूपसिंगची जीप एका ठेकेदाराची. तांड्यापाड्यांवरून रोगी आणायला ती दवाखान्यात लावलेली होती. चिखलातही जाईल, चारही चाकांना ताकद मिळते, म्हणून तर ती घेतली होती.

त्या दिवशी भीमराज नावाच्या मजुराला घेऊन तो निघाला. भीमराजला उलट्या होत होत्या, तोंडाला फेस आला होता. त्याची बायको धुरपताबाई त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती. नाल्याच्या अलीकडे मागची चाकं चिखलात बसली. रूपसिंग खाली उतरला, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या हातानं फिरवून ‘लॉक’वर आणल्या, आत येऊन छोटा दांडा ओढला. समोर फोर-व्हीलचा हिरवा लाईट लागला. पण मागची चाकंच तेवढी गरगरत राहिली. पुढची जागची हलली नाहीत. शेवटी कोणीतरी बैलगाडी आणली. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत दीड तास गेला. भीमराज वाचला, पण त्याला आता समोरचा माणूस सावलीसारखा दिसत होता.

चौकशी केली ती ठेकेदाराच्या मॅनेजरनं, भगवानरावानं. त्यानं अंगणात उभ्या जीपचा दांडा ओढला, हिरवा लाईट पाहिला आणि लिहून टाकलं: गाडी चांगली आहे, चालकानं फोर-व्हील लावलीच नाही. दवाखान्यात द्यायच्या कागदाला मेकॅनिकचा दाखला हवा होता, म्हणून तोही टाइप करून त्यानं रूपसिंगच्याच हाती दिला. ढाणकीच्या गॅरेजवर जा आणि अन्सारभाईची सही घेऊन ये, म्हणाला. महिनाअखेर रूपसिंगचं काम बंद होणार होतं.

रूपसिंग तीच जीप घेऊन गेला. अन्सारनं कागद दोनदा वाचला. गाडी न पाहता सही मागतात, याचाच त्याला पहिला संताप आला. त्यानं जीप सपाट जागी घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरात ठेवली. चकत्या लॉक केल्या, दांडा ओढला. मग जॅक लावून पुढचं डावं चाक तेवढं उचललं. फोर-व्हील खरी लागली असेल तर उचललेलं चाक हातानं फिरत नाही, हे त्यानं रूपसिंगला सांगितलं आणि चाकाला हात घातला. चाक सायकलच्या चाकासारखं फिरलं.

उजवं उचललं, तर तेही फिरलं. अन्सारनं डाव्या चाकाची चकती खोलली आणि आत पाहिलं. दात्यांची जी चकरी चाकाला आतल्या आसाशी जोडते, ती तिथं नव्हतीच. तुटलेली नव्हती, झिजलेली नव्हती. कोणीतरी काढून घेतली होती आणि वर झाकण नीट बसवून दिलं होतं. एका बाजूची नसली की दुसऱ्या बाजूची असून उपयोग नाही, सगळी ताकद रिकाम्या बाजूनं निघून जाते.

त्यानं भगवानरावला फोन करून बोलावून घेतलं. भगवानराव तासाभरानं आला. त्याच्या आधीच धुरपताबाई येऊन दारात उभी होती. नवऱ्याच्या डोळ्यांचं औषध घ्यायला ती ढाणकीला आली होती, आणि दवाखान्याची जीप गॅरेजवर पाहून थांबली होती.

“लाईट तर लागते ना, अन्सारभाई?” भगवानराव म्हणाला.

“लाईट लागते. दांडा ओढला की लाईट लागते. चाकापर्यंत काही पोचलं का, ते तिले काय माहीत?” अन्सारनं त्याच्याकडे जुनं फडकं टाकलं. “तुमीच फिरवून पाहा.”

भगवानरावला हात काळे करायचे नव्हते. त्यानं एक बोट लावलं, आणि चाक त्या एका बोटानं फिरलं.

मग तो हळू आवाजात बोलायला लागला. चकरी दुसऱ्या जीपला लावली असेल, मोसमात तेवढं चालतं, आज नवी बसवून टाक, अन् हा कागद जसा आहे तसा राहू दे. अन्सारनं ऐकून घेतलं. रूपसिंगनं मात्र बारा वर्षांत पहिल्यांदा मॅनेजरला मधेच तोडलं.

“म्या उतरून चिखलात चकत्या फिरवल्या, साहेब. या बाईनं पाह्यलं. तरी तुमी लिवलं का म्या लावलीच नाही. तुमाले मालूम होतं ना आत काई नाही?”

भगवानरावनं बोट फडक्याला पुसलं. धुरपताबाई बोलली, अन् ती ओरडली नाही.

“मी या ड्रायव्हरले शिव्या दिल्या. दवाखान्यात, समद्यांसमोर. तुमच्या कागदापायी दिल्या.”

अन्सारनं त्याच दाखल्यावरचा टाइप केलेला मजकूर काट मारून खोडला. खाली हातानं लिहिलं: डाव्या चाकातली चकरी काढलेली आढळली, फोर-व्हील चालत नाही. तारीख टाकली, सही केली. भगवानराव तो कागद घेईना, तेव्हा तो रूपसिंगनं घेतला. धुरपताबाई त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर तो कागद ठेवेपर्यंत खुर्चीवर बसली नाही.

तिसऱ्या दिवशी जीपला नवी चकरी बसली. रूपसिंगचं काम राहिलं. ‘निष्काळजीपणा’चा कागद मागे घेतल्याचं मात्र त्याला कोणी लिहून दिलं नाही. त्यानं दोनदा अर्ज केला. चकरी कोणी काढली, याची चौकशी करायचं काम भगवानरावलाच दिलं गेलं. त्या ठेकेदाराची एकही गाडी पुन्हा अन्सारच्या गॅरेजवर आली नाही.

दिवाळीच्या आधी रूपसिंग भीमराजला भेटायला गेला. सगळं सांगितलं. खाटेवर बसलेल्या भीमराजनं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं.

“थे चाक फिरलं असतं,” त्यानं विचारलं, “तर माह्ये डोये राह्यले असते का?”

डॉक्टरांना विचारतो, रूपसिंग म्हणाला, आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारायला गेला.